ठोकळ्याविना किक
आज मुलाबरोबर ओहायोतील एका विद्यापीठाच्या किकर (चेंडू लाथेने मारणारा खेळाडू) शिबिरात दिवसभर होतो (फुटबॉल अर्थातच अमेरिकन). हायस्कूलमध्ये फील्ड गोल (गोलखांबांमधून किक) मारताना चेंडूखाली २ इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो आणि गोलखांबांत २३ फूट ४ इंचांचे अंतर असते. कॉलेजात मात्र चेंडू थेट जमिनीवरून मारावा लागतो व अंतर १८ फूट ६ इंचांवर येते, त्यामुळे शाळेत हमखास आत जाणाऱ्या त्याच्या किका आज खांबांबाहेर गेल्या. चेंडू हवेत किती सेकंद राहतो, हेही प्रशिक्षकांनी घड्याळ लावून मोजले. कॉलेजांना दाखवायच्या निवडक किकांच्या व्हिडिओपेक्षा हे रोखठोक मोजमाप मला अधिक मोलाचे वाटले. खेळाडूंना कॉलेजकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा विषय कोणी काढला नाही; मीही विचारले नाही. परतताना त्याने ठोकळा मुकाट्याने माझ्या हाती दिला.