पाचाडहून परतताना फरशीच्या अलीकडे थांबलो ते बरं झालं

जुलैतला रायगड एकदा बघायचाच असं आईच्या मनात कित्येक वर्षं होतं, म्हणून नवरा, मी, आई आणि दोन्ही पोरं ताम्हिणीमार्गे निघालो. गड काही चढायला मिळाला नाही, पायथ्याच्या पाचाडला पोचलो तर वर जायला बंदी. खरं सांगते, मला हायसं वाटलं, कारण 2024 च्या जुलैत त्याच पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी आलं होतं आणि लोक अडकले होते, ते व्हिडिओ डोक्यातून गेलेले नाहीत. जिजाऊंच्या समाधीला नमस्कार केला आणि फिरलो.

परत येताना मावशीच्या गावाला वळलो. मेन रोडपासून आत जाताना मध्ये ओढा आणि त्यावर फरशी, कठडा नसलेला तो बुटका पूल असतो ना, पावसात पाणी वरूनच जातं, तसली. पाऊस नुसता भुरभुरत होता, मध्येच ऊनपण, आणि फरशीवर जेमतेम घोट्याएवढं पाणी. नवरा म्हणाला फर्स्ट गिअरमध्ये हळूच काढतो. तेवढ्यात प्लास्टिकची खोळ पांघरलेले एक काका काठी आडवी धरून पुढे आले.

"ताई, गाडी मागं घ्या आधी. पाण्याचा रंग बघा."

बघितलं तर पाणी चहासारखं गढूळ झालेलं आणि त्यात हिरवा पाला, काटक्या. वाळका पाला असता तर वेगळं, काका म्हणाले, हिरवा म्हणजे वर डोंगरात आत्ता जोराचा पडतोय आणि तो लोंढा खाली यायचाय. आम्ही गाडी मागे घेऊन उंचावर लावली, पोरांना ओढ्याच्या काठावरून ओढून आणलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत असा आवाज आला की आई देवाचं नाव घ्यायला लागली. फरशी दिसेनाशीच झाली. वेगातलं पाणी अर्धा फूट असलं तरी उभा माणूस पडतो आणि दोन फुटांत गाडी तरंगायला लागते हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

पुढचे चार तास काकांच्या पडवीत काढले. काकूंनी चहा, नाचणीची भाकरी दिली, पोरं तर तिथे रमलीच. काका 22 जुलै 2021 बद्दल बोलत होते. तेव्हा तिकडे महाबळेश्वरला एका दिवसात 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, सावित्री नदी तिथूनच येते, त्यात भरती असली की खाडी पाणी घेत नाही, मग ते महाडच्या बाजारपेठेत, घराघरात शिरतं. आणि 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला, दोन एसटी गेल्या, हे सांगताना ते मध्येच थांबले. मीही पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी पाणी उतरलं. नवरा लगेच निघायला उठला, काका म्हणाले आधी मी जातो. ते काठीने चाचपत चाचपत गेले आणि मध्यावर थांबून हात वर केला. फरशीची डावी कड, बरोबर चाक जातं तेवढी, वाहून गेली होती, आणि उरलेल्या गढूळ पाण्यात तो खड्डा वरून अजिबात दिसत नव्हता. मावशीला फोन करून सांगितलं, आज येत नाही, आणि रात्री पडवीतच झोपलो.