आमची वाटचाल : कापड टिकतं, शिवण जाते

भोरच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर आप्पांचं शिलाईचं दुकान होतं. मे आणि जूनमध्ये शाळेची दप्तरं, बाकी वर्षभर बाजाराच्या पिशव्या, मोटरसायकलच्या सीटची कव्हरं, कधी एखाद्या ट्रकची ताडपत्री. मी शाळेतून आलो की बॉबीन भरून द्यायचो आणि कटिंगच्या चिंध्या गोळा करायचो. पुढे पुण्यात नोकरी केली, पण शनिवार-रविवारी दुकानात बसणं सुटलं नाही.

अशाच एका रविवारी संध्याकाळी रायरेश्वर आणि केंजळगड करून आलेली चार-पाच मुलं दुकानात आली. स्वारगेटची गाडी सुटायला अवकाश होता. त्यातल्या एकाच्या कमरेच्या पाऊचची चेन टोकापाशी उसवली होती. "काका, दोन टाके घालून देता का?" म्हणून त्याने पाऊच काउंटरवर रिकामा केला. हेडटॉर्च, सुटे सेल, कागदात गुंडाळलेली काडेपेटी, चाकू, सुतळी, शिट्टी, चिकटपट्टीची गुंडाळी, मीठ-साखरेची पाकिटं, सेफ्टी पिना, चार्जरची वायर आणि कुणाच्या तरी घराची किल्ली. उतरताना कुणाचा तरी पाय घसरला होता, त्याला पट्टी बांधायची होती आणि नेमकी पट्टी सापडेना. चेन नीट उघडेना म्हणून ओढाओढ झाली आणि ती मुळातून निघाली.

आप्पांनी पाऊच उलटा केला, आतली शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाले, "कापडाला काय झालंय? नवं आहे. शिवण गेली." कापड खरंच उत्तम होतं, जाड आणि खरखरीत. पण चेनचं टोक कडेपासून जेमतेम दोन सूत आत शिवलं होतं, तिथे पक्का टाका नव्हता आणि आत कापडाच्या कडा मोकळ्या राहून सुटत चालल्या होत्या. आप्पांनी शिवून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मी दप्तराच्या उरलेल्या मॅटी कापडाचा एक पाऊच शिवला. पाऊच शिवून विकण्याचा आमचा आजचा धंदा तिथून सुरू झाला.

तो पहिला पाऊच वाईट होता. मी त्यात अकरा खिसे घातले होते. जेवढे खिसे तेवढी सोय, असं तेव्हा वाटायचं. ट्रेकला नेला तेव्हा कळलं की अकरा खिशांत वस्तू शोधणं म्हणजे अकरा ठिकाणी शोधणं. शिवाय प्रत्येक खिसा म्हणजे कापडाचा आणखी एक थर आणि शिवणीची आणखी एक ओळ. रिकामा पाऊचच हाताला जड लागायचा. आज आमच्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या पाऊचला आत दोन जाळीचे खिसे, एक इलॅस्टिकची पट्टी आणि बाहेर एक सपाट खिसा आहे. एवढंच. खिसे वाढवा असं सांगणारी पत्रं अजून येतात आणि आम्ही अजून नाही म्हणतो.

कापडाचं ज्ञान मला रविवार पेठेत मिळालं, थोडं पैसे देऊन आणि थोडं पैसे घालवून. "हजार डेनियर आहे, फाटणारच नाही," असं सांगून विकलेलं कापड मी डोळे मिटून आणायचो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून धागा किती जाड आहे ते कळतं. तो नायलॉनचा आहे की पॉलिएस्टरचा, वीण किती घट्ट आहे, मागे पाणी अडवणारा लेप कसला आहे, हे त्या आकड्यात नसतं. घासणं सोसायला चांगलं नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा सरस. पण नायलॉन पाणी जास्त पितं, भिजल्यावर थोडं सैल पडतं आणि उन्हाने लवकर कमजोर होतं. पॉलिएस्टर उन्हाला बरं टिकतं. कॉर्डुरा नावाने जे कापड मिळतं त्यात धाग्याला हवेच्या झोताने फुगवून खडबडीत केलेलं असतं, म्हणून ते हाताला सुती कॅनव्हाससारखं लागतं आणि दगडावर घासलं तरी तग धरतं.

छोट्या पाऊचला हजार डेनियर लागतं का? माझं मत, नाही. सात बाय पाच इंचाच्या पाऊचच्या कोपऱ्यात कापडाचे चार थर, वर बाइंडिंग (कडा झाकणारी पट्टी) आणि चेनची पट्टी एकत्र येते. हजारचं कापड तिथे वळत नाही, कोपरा दगडासारखा होतो आणि सगळा ताण टाक्यांवर जातो. आम्ही अंगाला पाचशे वापरतो आणि फक्त तळाला हजार. वजन कमी राहतं आणि कोपरे नीट बसतात. मोठ्या सॅकचा हिशोब वेगळा, तिथे मी हे सांगणार नाही.

आप्पांचं काळं पायमशीन ह्या कापडापुढे हरलं. सुया मोडायच्या, वरचा थर पुढे सरकायचा, शिवण वाकडी जायची. पुण्यातून एक जुनं वॉकिंग फूट मशीन आणलं. त्यात खालच्या दातांबरोबर वरचा पायही कापड पुढे नेतो, त्यामुळे चार थर एकत्रच सरकतात. धागा तंतू एकत्र चिकटवलेल्या बाँडेड नायलॉनचा, सुई १८ नंबरची आणि इंचाला सात-आठ टाके. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण, हे साडीच्या फॉलला खरं असेल. जाड कापडात टाके फार जवळ घेतले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड त्याच रेषेत फाटतं, टपाल तिकिटाच्या कडेसारखं. जिथे पट्टी जोडली जाते तिथे चौकोन घालून आत फुली, आणि चेनच्या दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे एकाच जागी घातलेले दाट टाके. बारटॅकचं मशीन घ्यायला पैसे नव्हते तोवर आमच्या मावशी तीच जागा पाच-सहा वेळा मागेपुढे शिवायच्या. त्या काळातले पाऊच आजही दुरुस्तीला येतात, पण त्या जागेसाठी कधीच येत नाहीत.

चेनबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण पाऊचचा जीव तिच्यात असतो. चेनचा नंबर म्हणजे बंद दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. छोट्या पाऊचला पाच नंबर पुरतो. घट्ट भरायची सवय असेल तर आठ घ्यावा. तीन नंबरची चेन असलेला पाऊच दिसायला नाजूक असतो आणि वागायलाही. गुंडाळीच्या दातांची नायलॉनची चेन कोपऱ्यावरून सहज वळते, आणि मध्येच उघडली तर रनर (चेन उघडणारा-मिटणारा सरकता भाग) मागे नेऊन परत पुढे आणला की बऱ्याचदा पुन्हा जुळते. मोठ्या सुट्या दातांची प्लॅस्टिकची चेन चिखल-वाळू जास्त सोसते, पण एक दात तुटला की संपली, आणि आखूड वळणावर ती अडते. आमचा पाऊच तीन बाजूंनी उघडतो, म्हणून आम्ही गुंडाळीची वापरतो. बाकी, चेन गेली असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो. त्याच्या मागच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबा. हलकेच, कारण जोरात दाबला तर तो फुटतो. पुष्कळदा एवढ्यावर आणखी एक मोसम निघतो.

आमची सगळ्यात मोठी चूक कापडाच्या लेपात झाली. एका व्यापाऱ्याकडे कमी दरात एक अख्खा रोल मिळाला. रंग सुरेख, वीण घट्ट. आम्ही त्याचे १४० पाऊच शिवले आणि दिवाळीपर्यंत सगळे विकले. पुढच्या पावसाळ्यानंतर एक ताई फोनवर म्हणाल्या की पाऊचच्या आत चिकट झालंय आणि वास येतोय. मग दुसरा फोन, मग तिसरा. आतला पॉलियुरेथेनचा लेप सुटून पापुद्रे निघत होते. हा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आणि भिजलेली वस्तू बंद कपाटात ठेवली की आणखी वेगाने. तो रोल आमच्याकडे यायच्या आधी किती पावसाळे गोदामात पडून होता, हे मी विचारलंच नव्हतं. चूक व्यापाऱ्याची म्हणून हात झटकता आले असते. पण लोकांनी पाऊच आमच्याकडून घेतला होता. ज्यांनी ज्यांनी कळवलं त्यांना नवा शिवून दिला. त्या वर्षी नफा राहिला नाही आणि घरात बोलणी खाल्ली. तेव्हापासून रोल घेताना मी तो टोकापासून दोन मीटर उलगडतो, लेपाची बाजू एकमेकांवर घडी करून दाबतो आणि वेगळी करून पाहतो. जरा जरी चिकटली तर रोल परत.

हिरडस मावळातल्या पावसात वाढलेल्या माणसाने एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिवलेला पाऊच जलरोधक नसतो. कापड कितीही चांगलं असो, सुई गेली तिथे भोक आहे, आणि चेन म्हणजे भोकांची रांगच. जुलैत वरंध घाटात पाऊस आडवा येतो, तेव्हा पाणी आत शिरणारच. म्हणून आम्ही तळाला एक छोटी धातूची आयलेट (भोकाला लावायची कडी) बसवतो, आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. औषधं, काडेपेटी आणि पैसे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, हे प्रत्येक पाऊचबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. अस्तर फिकट पिवळं ठेवण्याचा हट्ट माझ्या बायकोचा. काळ्या अस्तरात काळी वस्तू रात्री दिसत नाही, हे तिने तंबूत बसून चाचपडत सिद्ध केलं. आज लोक सगळ्यात जास्त कौतुक त्या पिवळ्या अस्तराचं करतात.

बाहेरच्या बाजूला आडव्या पट्ट्यांची ओळ हवी, ही मागणीही सतत असते. अमेरिकी सैन्याच्या सामानावरून ती पद्धत आली. इंचभर रुंदीची पट्टी, मध्ये इंचभर जागा आणि दर दीड इंचावर टाका. मोठ्या सॅकला किंवा पट्ट्याला पाऊच पक्का अडकवायचा असेल तर ती खरोखर उपयोगी आहे. मागच्या बाजूला आम्हीही ती देतो. पण पुढच्या बाजूला नुसती शोभेला लावली तर वजन वाढतं, कापडाला जास्त भोकं पडतात आणि सह्याद्रीत करवंदीच्या जाळीतून जाताना तिथे हटकून काटे अडकतात.

२०२०च्या टाळेबंदीत ट्रेक थांबले आणि आमच्या ऑर्डरीही. दोन महिने आम्ही मास्क शिवले. त्याच काळात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या आशाताईंनी विचारलं, थर्मामीटर, हातमोजे, पेन, नोंदीची छोटी वही आणि सॅनिटायझर एका हाताने उघडता येईल अशा पाऊचमध्ये बसेल का? त्यांच्यासाठी शिवला, मग त्यांच्या मैत्रिणींसाठी. त्यानंतर एका वायरमन दादांनी टेस्टर, पकड, टेप आणि फ्यूज वायरसाठी मागितला. त्यांच्या पकडीचं टोक आतून कापडाला टोचायचं, म्हणून त्या पाऊचच्या तळाला आतून रेक्झिनचा जाड तुकडा लावला. आता तो सगळ्याच पाऊचना असतो. गडावर जाणाऱ्या मुलांसाठी सुरू केलेली वस्तू रोजच्या कामाच्या माणसांनी जास्त सुधारली. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं आणि त्याचा मला फार आनंद आहे.

आमच्याकडे कुणी पाऊच घ्यायला आलं की आम्ही आधी वर्तमानपत्र पसरतो आणि सामान ओतायला सांगतो. रोज लागणारं एकीकडे, क्वचित लागणारं दुसरीकडे. तिसरा ढीग नेहमी निघतो, तो घरी ठेवायचा. अंधारात किंवा घाईत लागणारी वस्तू बाहेरच्या खिशात. उरलेलं आत मावलं आणि चेन एका बोटाने बंद झाली, तर माप बरोबर. गुडघ्याने दाबून बंद करावी लागत असेल तर मोठा पाऊच घेण्याआधी सामान कमी करून बघा, असं आम्ही सांगतो. त्यात आमची विक्री कधी कधी कमी पैशांची होते. दुसऱ्या दुकानातून घेणार असाल तरी एवढं करा. पाऊच उलटा करून आतल्या कडा बाइंडिंगने झाकल्या आहेत का ते पाहा, चेनच्या टोकाला ओढून पाहा, आणि बकल असेल तर दहा वेळा लावून काढून पाहा.

आज आम्ही सात जण आहोत. पाच बायका मशीनवर, कटिंगला मी, आणि तपासणीला आप्पा. त्यांची नजर आता कमी झाली आहे, पण प्रत्येक पाऊच उलटा करून ते शिवणीवरून अंगठा फिरवतात, त्या रविवारी फिरवला होता तसाच. कुठे अडखळला की तो पाऊच बाजूला. त्यावर वाद घालायचा नाही, हे आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

दुरुस्ती आम्ही करतो, कुठल्याही वर्षीच्या पाऊचची. शिवण उसवली असेल तर फुकट. रनर किंवा चेन बदलायची असेल तर फक्त सामानाचे पैसे. पाठवण्याआधी साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण सुकवा आणि रिकामा करून पाठवा. जमलं तर मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत, कारण त्यानंतर दप्तरं सुरू होतात. ती आप्पांनी अजून बंद करू दिलेली नाहीत.