मुठीच्या आतली अक्षरे

आमच्या देवघरावरच्या फळीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक आखूड तलवार होती आणि घरात तिला सगळे ‘आजोबांची कट्यार’ म्हणत. वास्तविक कट्यारीची मूठ आडवी असते आणि पाते दुधारी. ही तर सरळ मुठीची, एकधारी, किंचित बाकदार. पण घरातल्या वस्तूंची बारशी अशीच होतात. आजोबा मराठा पलटणीत होते. महायुद्ध संपल्यावर जपानमध्ये राष्ट्रकुलाची जी फौज ठेवली होती, तिच्यात १९४६-४७ या काळात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. हरलेल्या देशातली शस्त्रे तेव्हा जमा केली जात होती. त्यांतली ही एक आजोबांच्या ट्रंकेतून गावी आली. ‘सामुरायाची आहे,’ एवढेच ते सांगत.

वाटणीत ती माझ्याकडे आली, तेव्हा ती नेमकी कोण हे ठरवायचे मी मनावर घेतले. सुरुवातच चुकली. शिवणाच्या टेपने मी मुठीसकट लांबी घेतली. जपानी रीत अशी, की टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या, मुठीलगतच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजायचे. तसे मोजल्यावर ४५ सेंटिमीटर भरले, म्हणजे त्यांच्या मापाने साधारण दीड शाकू. एक शाकूच्या आतली ती तांतो, एक ते दोन शाकूंमधली वाकिझाशी, त्यापुढची कताना. तेव्हा आमची ‘कट्यार’ वाकिझाशी निघाली. त्याबरोबर आजोबांच्या सामुरायालाही थोडा धक्का बसला, कारण एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापारी आणि शहरातले सामान्य लोकही वाकिझाशी बाळगत.

पात्याकडे मात्र पाहवत नव्हते. धारेला पातळ आणि पाठीला जाड मातीचा लेप देऊन ते तापवतात आणि पाण्यात बुडवतात. धार कडक होते, पाठ चिवट राहते आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी पांढुरकी रेघ उमटते. तिला हामोन म्हणतात, आणि जाणकार तिच्या वळणावरून लोहाराचे घराणे ओळखतात. आमच्या घरी दर खंडेनवमीला हे पाते पॉलिशपेपरने घासून लख्ख करण्याची आणि मग त्याला हळदकुंकू लावण्याची पद्धत होती. भक्ती खरी होती, यात शंका नाही. हामोन मात्र पार पुसट झाली होती आणि कुंकवाची बोटे लागत त्या जागी खड्डे पडले होते.

जपानी शिकणारी भाची सुट्टीत आली आणि म्हणाली, “मामा, मूठ काढ. घडवणाऱ्याचं नाव असलंच तर ते आत असतं.” मूठ निघते हेच आम्हांला सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ठाऊक नव्हते. रेशमी गोफाच्या विणीतून एका बाजूला बांबूच्या खुंटीचे टोक दिसत होते, तांदळाच्या दाण्याएवढे. निमुळत्या बाजूने ते हलकेच ठोकल्यावर खुंटी बाहेर आली; मग मूठ डाव्या हातात उभी धरून त्याच मनगटावर उजव्या मुठीने चार थापा मारल्या, तेव्हा पाते कुरकुरत सैल झाले. आतला भाग काळपट तपकिरी गंजाचा, बोटाला मऊ लागणारा. माझा हात सवयीने पॉलिशपेपरकडे गेला आणि भाचीने तो धरला. याच गंजाच्या रंगावरून वय जोखतात. तो घासला की वस्तूचा दाखलाच गेला. कुणाला पत्ता नसल्यामुळे तेवढा भाग वाचला होता.

बॅटरीचा झोत तिरका धरून तिने एकेक अक्षर वाचले: ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजच्या ओकायामाचा भाग, आणि ओसाफुने तिथले लोहारांचे प्रसिद्ध गाव. राष्ट्रकुलाच्या फौजेतल्या भारतीय सैन्याचा मुक्कामही ओकायामाच्याच बाजूला होता. उलट्या बाजूला ‘तेन्बुन’ हे शक होते, म्हणजे १५३२ ते १५५५, आणि पुढे ‘आठवा महिना’. बिझेनच्या पात्यांवर दुसरा किंवा आठवा महिना घालण्याची प्रथाच होती, त्यामुळे महिन्यावर फार विसंबता येत नाही. नावावर तर त्याहून कमी. सुकेसादा नावाचे लोहार कितीतरी होऊन गेले, त्या काळच्या लढायांच्या धामधुमीत त्या नावाने घाऊक माल निघाला, आणि नामांकित घराण्याची खोटी सही कोरणारेही कमी नव्हते. भाचीने छायाचित्रे काढली, वहीत लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले. मला ते प्रश्नचिन्ह ‘सामुरायाची आहे’पेक्षा जास्त आवडले.

पाते मऊ कापडाने पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवला आणि खुंटी परत ठोकली. यंदाच्या खंडेनवमीला आईने सवयीप्रमाणे कुंकवाची कोयरी पुढे केली आणि क्षणभर थांबून विचारले, “आता लावू कुठं?” आम्ही म्यान पुढे केले.