अपडेट चालू असताना लाईट गेली तर

जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, आमच्या गावच्या वाचनालयातल्या पाच नंबरच्या मशीनवर अपडेट चालू होतं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच बसली होती. शेजारी बारावी झालेला एक मुलगा प्रवेशाचा फॉर्म भरायला थांबलेला. "मॅडम, आता हा चालू होईल ना?"

"होईल रे, थांब जरा," मी म्हटलं. मला खात्री होती, कारण त्या मशीनवर डेबियन आहे, लिनक्सचा एक प्रकार.

चाळीस मिनिटांनी लाईट आली. मशीन सुरू झालं, लॉगिन झालं. डेबियनमध्ये अपडेट आणतं ते एपीटी, आणि ती प्रत्यक्ष बसवतं ते डीपीकेजी. पुन्हा एपीटी चालवल्यावर त्याने थेट सांगितलं की डीपीकेजी मध्येच तुटलंय, अमुक कमांड हाताने चालवा. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिली आणि 'सेटिंग अप'च्या ओळी एकामागून एक सरकायला लागल्या. पाच-सात मिनिटांत प्रॉम्प्ट परत आला आणि मुलगा फॉर्म भरायला बसला.

डेबियनमध्ये पॅकेज, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलींचा गठ्ठा, दोन पायऱ्यांत बसतं. आधी फाइली उलगडून जागेवर ठेवायच्या, मग कॉन्फिगर करायच्या. कुठलं पॅकेज कुठल्या पायरीवर आहे याची नोंद डीपीकेजी एका साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतं, त्यामुळे काम कुठे अडलं ते त्याला नंतरही कळतं. शिवाय एपीटी आधी सगळं डाउनलोड करतं आणि मगच बसवायला घेतं. नेट गेलं तर काही बिघडत नाही. धोका फक्त बसवतानाच्या त्या थोड्या मिनिटांचा.

मी डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची, तुलना एकाच प्रश्नावर करते. कुठल्यात किती पॅकेजेस आहेत, कुठला पॅकेज मॅनेजर (पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) किती सेकंदांत काम उरकतं, हे मला दुय्यम वाटतं. मध्येच तुटलं तर परत यायची वाट आहे का?

2021 मध्ये माझ्या लॅपटॉपवर आर्च ही डिस्ट्रो होती. बॅटरी मेलेली, त्यामुळे तो कायम प्लगवरच. पॅकमन, म्हणजे आर्चचा पॅकेज मॅनेजर, कर्नल (सिस्टमचा गाभा) बदलत होता नेमकी तेव्हा लाईट गेली. आर्चमध्ये नवा कर्नल जुन्याच्या जागी बसतो, जुना मागे राहत नाही. त्यामुळे बूट व्हायला काहीच उरलं नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टम चालू केली, डिस्क माउंट केली, आर्च-च्रूट या कमांडने बंद पडलेल्या सिस्टमच्या आत शिरले. तिथे पॅकमन म्हणे डेटाबेस लॉक आहे. ती उरलेली लॉक फाइल काढली, सगळं अपग्रेड नव्याने चालवलं. रात्रीचा एक वाजला. पॅकमनइतकं चपळ आणि सुटसुटीत दुसरं काही मी वापरलेलं नाही, हे आजही म्हणेन. पण त्या रात्री माझ्या जागी वाचनालयाचे काका असते, तर मशीन महिनाभर बंद पडून राहिलं असतं.

फेडोरा ही डिस्ट्रो इथे जास्त सावध आहे. ते तीन कर्नल ठेवतं, म्हणजे नवा अडला तर बूट मेन्यूतून जुना निवडता येतो. तिचा पॅकेज मॅनेजर डीएनएफ; 'डीएनएफ हिस्टरी अनडू'ने आख्खं अपडेट उलटवताही येतं. ऐकायला हे फार छान वाटतं, पण त्यासाठी जुनं पॅकेज सर्व्हरवर असावं लागतं आणि फेडोराच्या अपडेट्सच्या रिपॉझिटरीत (सर्व्हरवरच्या साठ्यात) सहसा सगळ्यात नवंच असतं. मला दोनदा हवं होतं तेव्हा ते मिळालं नाही.

आता लॅपटॉपवर ओपनसूसे टम्बलवीड ही सतत नवी होत राहणारी डिस्ट्रो आहे. डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टम असली की तिचा पॅकेज मॅनेजर झिपर अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची त्या क्षणाची नोंद, घेतो. बिघडलं तर ग्रबच्या (बूट होताना दिसणाऱ्या) मेन्यूतून कालचा स्नॅपशॉट उघडायचा, 'स्नॅपर रोलबॅक' म्हणायचं आणि रीबूट. मागे यावं लागणं किती खरं आहे ते मार्च 2024 मध्ये दिसलं, तेव्हा एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधलं बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) उघडकीला आलं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यांनी त्याचा माग काढला. ते बिघडलेलं व्हर्जन टम्बलवीडमध्ये पोचलं होतं. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, नव्हतं. टम्बलवीडने जे दुरुस्त पॅकेज पाठवलं त्याच्या व्हर्जनमध्येच 'रिव्हर्ट टू 5.4', म्हणजे 5.4 वर परत, असं लिहिलेलं होतं. आख्ख्या डिस्ट्रोलाच मागे यावं लागलं.

टम्बलवीड वाचनालयात मात्र चालणार नाही. कधीकधी एका अपडेटला हजाराच्या वर पॅकेजेस येतात आणि आमचं नेट म्हणजे काकांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. डेबियनला महिन्याकाठी थोडेच सुरक्षेचे पॅच असतात. तेही एक नंबरच्या मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्रॅम साठवून ठेवतो. बाकीची सहा मशीन्स ते तिथून उचलतात, पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही.

डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आली. आमच्याकडे अजून 12 आहे. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर, सातही मशीन्स एकेक करून पुढे न्यायची आहेत, पाच नंबरचं सगळ्यात शेवटी. नवी बॅटरी आली आहे. काकांनी ती काल रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली होती.