तुम्ही विचारलंत म्हणून: छोटी मशीन घ्यावी की मोठी?

सांगलीत आमचा फर्निचरचा कारखाना आहे. ज्यांच्या घरी आम्ही किचन ट्रॉली किंवा कपाटे बसवतो, त्यांच्यापैकी कोणी ना कोणी काम संपत आले की हमखास विचारतो, "घरात एक बॅटरीवरची ड्रिल मशीन असावी म्हणतो, छोटी 12 व्होल्टची घेऊ की मोठी 18 व्होल्टची?" आमच्याकडे शिकून स्वतःचा धंदा सुरू करणारी मुलेही पहिली कमाई हातात आली की हाच प्रश्न घेऊन येतात. त्या सगळ्यांना मी आधी एकच विचारतो: ड्रिलखेरीज त्या बॅटरीवर पुढे काय चालवणार आहात? दुकानात हातात धरून पाहिली की मन मोठ्या मशीनकडेच ओढले जाते, पण खरा व्यवहार बॅटरीशी असतो. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, आणि त्याच कंपनीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर 18 व्होल्टची मशीनही चालत नाही.

हे आकडे कुठून येतात ते एकदा समजून घेतलेले बरे. या बॅटऱ्यांमध्ये बोटाएवढे लिथियम-आयन सेल असतात; प्रत्येक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जाणारा. छोट्या मशीनच्या बॅटरीत असे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे 10.8 व्होल्ट. बॉश ही कंपनी आपली ही मालिका पूर्वी 10.8 व्होल्ट याच नावाने विकत असे. पुढे नाव 12 व्होल्ट झाले, सेल मात्र तीनच राहिले. मोठ्या मशीनला पाच सेलांची माळ असते, म्हणजे 18 व्होल्ट. 20 किंवा 21 व्होल्ट लिहिलेल्या मशीनही बहुधा याच पाच सेलांच्या असतात. त्यांच्यावर पूर्ण चार्जचा आकडा छापलेला असतो एवढेच, तेव्हा त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. त्याऐवजी वॅट-तास, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास), पाहावेत. 12 व्होल्टच्या (खरे 10.8) 2 अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम 22 वॅट-तास साठतात, तर 18 व्होल्टच्या 5 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 90. साठा चौपट, पण त्यासाठी नेहमीच्या आकाराचे दहा सेल, म्हणजे अशा दोन माळा, लागतात. एक सेल 45 ते 50 ग्रॅमचा धरला तर इकडे दीडशे ग्रॅमच्या आत काम भागते आणि तिकडे नुसत्या सेलांचेच वजन अर्ध्या किलोच्या घरात जाते.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. ओट्याखाली आडवे पडून काम करताना तो किरकोळ राहत नाही. 30 सेंटीमीटर रुंदीच्या ट्रॉलीचे उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंच्या 18 मिलिमीटरच्या प्लायची जाडी वजा केली की आत 26.4 सेंटीमीटर मोकळी जागा उरते, आणि टेलिस्कोपिक चॅनेलचा, म्हणजे ट्रॉली जिच्यावर आतबाहेर सरकते त्या पट्टीचा, स्क्रू त्या जागेत बाजूच्या प्लायला काटकोनात धरून बसवायचा असतो. छोटी मशीन साधारण 16-17 सेंटीमीटर लांब असते. तिला आखूड बिट (मशीनच्या तोंडात बसणारे टोक) लावून पुढे 16 मिलिमीटरचा स्क्रू धरला तरी मागे बोटभर जागा राहते. जुन्या धाटणीची मोठी मशीन बिटासकट आत गेली तर स्क्रू धरायला जागाच उरत नाही. मग कारागीर ती तिरकी धरतो, स्क्रूही तिरका जातो आणि चॅनेल अडखळत सरकते. शिवाय प्लायमध्ये इतका छोटा स्क्रू बसवायला जोर लागतच नाही. लागतो तो हलका हात, कारण जोर जास्त झाला की स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि त्या भोकाची पकड कायमची जाते. आमच्या कारखान्यातल्या मशीन दिवसाचा बहुतेक वेळ असलेच बारीक काम करत असतात, म्हणून आमच्या प्रत्येक कारागिराच्या पिशवीत छोटी मशीन असतेच.

आता छोटी कुठे कमी पडते तेही स्पष्ट सांगतो. सागवानाच्या चौकटीत 75 मिलिमीटरचा स्क्रू घालताना ती निम्म्यात मंदावते, आणि ट्रिगर दाबून धरला तर बॅटरी हाताला गरम लागते. 360 वॅटचा जोर काढायचा तर पाच सेलांत प्रत्येकाच्या वाट्याला 72 वॅट येतात, तीन सेलांत 120. सेल तापतात, आणि तापलेले सेल लवकर म्हातारे होतात. आधी बारीक भोक पाडून घेतले तर हेच काम छोटी मशीनही करते, पण दिवसाला असे शंभर स्क्रू असतील तर मोठीच घ्यावी.

मोठी घेताना तिचा झटका ओळखून असावे. टेबलाला वायरसाठी 60 मिलिमीटरचे भोक पाडताना माझा होल सॉ (मोठे गोल भोक कापणारे वाटीसारखे पाते) प्लायमध्ये अडकला, मशीन उलटी फिरली आणि उजवे मनगट तीन आठवडे बांधून ठेवावे लागले. 50 न्यूटन-मीटरच्या मशीनचे हँडल अक्षापासून 20 सेंटीमीटरवर धरले असेल तर तो झटका सुमारे 25 किलोचा बसतो. बाजूचे हँडल सोबत मिळाले असेल तर ते जरूर लावावे. मी ते त्या दिवशी लावले नव्हते.

घरासाठी विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा भिंत असते. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत गिट्टीसाठी (स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीसाठी) 6 किंवा 8 मिलिमीटरचे भोक हॅमरची सोय असलेली छोटी मशीनही पाडते. पण पडद्याचा रॉड लागतो तो खिडकीच्या वर, आणि तिथे प्लॅस्टरमागे आरसीसीचा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची तुळई, असतो. पहिला सेंटीमीटर सहज जातो, मग पांढरट बारीक पूड पडत राहते, बिट निळे पडते आणि भोक पुढे सरकत नाही. तिथे 18 व्होल्टची साधी इम्पॅक्ट ड्रिलही फार उपयोगाची नाही. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात, तर रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून बिटावर खरा घाव घालतो. वर्षातून चार भोकांसाठी तो भाड्याने आणावा. त्याच्या आशेने मोठी ड्रिल घेण्यात अर्थ नाही.

म्हणून घरासाठी मी 12 व्होल्टची मशीन आणि 2 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सुचवतो. 18 व्होल्ट मी त्यांना सांगतो ज्यांना त्याच बॅटरीवर पुढे गोल करवत, ग्राइंडर किंवा रोटरी हॅमर चालवायचा आहे, आणि ज्यांच्या साइटवर वीज नसते. त्यांनीही कंपनीची सर्वांत ताकदवान ड्रिल घेऊ नये. त्याच मालिकेतली आखूड, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरची ड्रिल घ्यावी, तिला रोजच्या कामाला 2 अँपिअर-तासाची हलकी बॅटरी लावावी आणि 5 ची बॅटरी करवतीसाठी राखून ठेवावी.

गेल्या महिन्यात आमच्याकडून बाहेर पडलेल्या मुलाने विचारले तेव्हा त्याची कामे शहरातल्या, राहत्या फ्लॅटमधली होती. प्रत्येक खोलीत प्लग होता; करवत आणि हॅमर वायरचे, तेही त्याच्याकडे आधीपासून होते. त्याला मी छोटी मशीनच घ्यायला लावली आणि उरलेल्या पैशांतून चांगल्या बिटांचा संच घ्यायला सांगितले. आता त्याला गावाकडच्या एका बंगल्याच्या चौकटींचे काम मिळाले आहे, आणि तिथे अजून मीटर बसलेला नाही. परवा त्याचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी मी त्याला 18 व्होल्टच सांगितली.