तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राउझरचं अपडेट कधी घ्यायचं?

गिरगावातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी अकरा कॉम्प्युटर सांभाळते. त्यामुळे चाळीतल्या शेजाऱ्यांपासून ऑफिसच्या क्लायंटपर्यंत सगळे मला एकच प्रश्न विचारतात: "ब्राउझरचं ते अपडेट बंद कसं करायचं?" दारात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज नीट सांगते.

विचारणाऱ्याचा वैताग मला मनापासून पटतो. जीएसटीचं ३बी हे मासिक रिटर्न भरायची आमच्याकडची शेवटची तारीख २०. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. कंपनीचं रिटर्न असेल तर डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन यूएसबीला लावावं लागतं. २०२३ च्या उन्हाळ्यातल्या अशाच एका २० तारखेला संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आमच्या ऑफिसातल्या काकांनी आकडे तपासले, कर भरला, आणि टॅब फार झाले म्हणून ब्राउझर बंद करून परत उघडला. दिवसभर मागे गुपचूप उतरून बसलेलं अपडेट तेवढ्यात लागलं. टोकनचा दिवा लुकलुकत होता, पण पिन मागणारी खिडकी काही केल्या येईना. काका घामेजलेले तळवे पँटला पुसत नुसते स्क्रीनकडे बघत बसले. शेजारच्या मशीनवर ब्राउझर सकाळपासून उघडाच होता. तिथे टोकन लावलं तेव्हा कुठे सव्वाआठला रिटर्न गेलं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला: सही करणारं सॉफ्टवेअर जुनं होतं, नव्या ब्राउझरशी त्याचं जमत नव्हतं.

आमच्या धंद्यात ही धास्ती जुनीच आहे. पूर्वी ई-टेंडरच्या साइटवर सही व्हायची ती जावाच्या प्लगइनमधून, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्राममधून. तसल्या प्लगइनची सोय क्रोम ब्राउझरने २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत काढली. तेव्हा मी काम करत होते त्या फोर्टमधल्या ऑफिसात एक मशीन 'सहीचं मशीन' म्हणून बाजूला ठेवलं होतं आणि त्यावर 'अपडेट करू नये' अशी चिठ्ठी मीच चिकटवली होती. म्हणून त्या २० तारखेनंतर मी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन सगळ्या मशीनवरची अपडेटची सेवा बंद केली. तीन महिने कुणाची तक्रार नाही.

मग सप्टेंबर आला. गणपती १९ तारखेला, लगेच दुसऱ्या दिवशी ३बी. निम्मं ऑफिस कोकणात जाणार, त्यामुळे सगळी कामं आधीच उरकायची घाई. त्या गडबडीत ११ तारखेला क्रोमने आणि १२ला फायरफॉक्सने तातडीची दुरुस्ती काढली. वेबपी नावाच्या चित्रप्रकाराचं चित्र उलगडून दाखवणाऱ्या कोडमध्ये भोक, म्हणजे चोराला आत शिरायची वाट, सापडलं होतं, आणि त्याचा गैरफायदा घेणं आधीच सुरू झालं होतं. नुसतं चित्र दिसलं तरी पुरे, क्लिक करायची गरज नाही. वेबपी म्हणजे आज कितीतरी वेबसाइटवरची चित्रं, व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकरसुद्धा. आमची अकराही मशीन जूनमध्येच अडकलेली, आणि त्यावर शेकडो लोकांचे पॅन, बँक खाती, पासवर्ड. झालं काहीच नाही, हे आमचं नशीब. पण हे कळलं त्या संध्याकाळी मशीनमागून मशीन उघडून जुना आवृत्ती क्रमांक बघताना माझ्या पोटात खड्डा पडत होता. लोकांनी विश्वासाने दिलेल्या कागदांचं कपाट मी तीन महिने उघडं ठेवलं होतं.

तेव्हापासून माझं उत्तर एकच आहे. अपडेट बंद करायचं नाही, ते लागण्याची वेळ आपण ठरवायची. आणि ती वेळ बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. क्रोम अपडेट मागच्या मागे उतरवून ठेवतो, पण ते लागू होतं ब्राउझर बंद होऊन परत उघडतो तेव्हा. तोवर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात खूण दिसते: अपडेट दोन दिवसांपेक्षा कमी जुनं असेल तर हिरवी, चारेक दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. हिरवी असताना हातातलं काम पुरं करा, लाल होऊ देऊ नका. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमध्येच दोन पर्याय आहेत: आपोआप बसवा, किंवा शोधा पण बसवायचं मला ठरवू द्या. 'कधीच शोधू नका' हा तिसरा पर्याय त्यांनी २०१८ मध्ये काढून टाकला. तेव्हा मला राग आला होता. आज मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्यांना दर महिन्याचे नवे बदल नको असतात त्यांच्यासाठी फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती आहे. तिचं मूळ रूप साधारण वर्षभर तेच राहतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी येतात. सहीच्या मशीनवर मी तीच ठेवली आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'क्रोमबद्दल' किंवा 'फायरफॉक्सबद्दल' हे पान नुसतं उघडलं तरी ब्राउझर अपडेट शोधायला लागतो, आणि आपोआप बसवायचं ठरलेलं असेल तर उतरवूनही घेतो. म्हणजे २० तारखेला सहज आवृत्ती बघायला जाऊ नका.

"दोन-तीन महिने थांबलं तर काय बिघडतं?" असंही विचारतात. क्रोम ज्यावर उभा आहे ते क्रोमियम आणि फायरफॉक्स, दोघांचंही मूळ कोड उघडं आहे. दुरुस्ती जाहीर झाली की कोणती ओळ बदलली ते कुणीही वाचू शकतं, चोरसुद्धा. म्हणजे ज्याने दुरुस्ती घेतलेली नाही, त्याच्या घराचं भोक कुठे आहे ते आता सगळ्यांना ठाऊक. म्हणूनच क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. (ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांचा क्रोम १०९ वरच थांबलाय. तिथे वेळ ठरवण्याचा प्रश्नच नाही, मशीन बदला.)

आमच्याकडे आता शनिवारी दुपारी दोनला 'ब्लॉक' असतो. रविवारच्या मेगाब्लॉकवरून काकांनीच हे नाव दिलं. रेल्वेची दुरुस्ती ठरलेल्या वेळी होते म्हणून सोमवारी गाडी धावते, हे मुंबईकराला समजावावं लागत नाही. दोन वाजता सगळे आपापलं काम जतन करतात, अर्धवट भरलेले फॉर्म पुरे करतात. ब्राउझर परत उघडल्यावर टॅब आले तरी गुप्त विंडो परत येत नाही, हे लक्षात ठेवा. मग सगळे ब्राउझर बंद करून उघडायचे आणि लगेच टोकन लावून बघायचं: पिनची खिडकी येते का? नाही आली तर सहीचं सॉफ्टवेअर नवं करायला सोमवारपर्यंत वेळ असतो. ७, ११ आणि २० या आमच्या कामांच्या शेवटच्या तारखांच्या आदल्या दिवशी मात्र ब्लॉक नाही.

याला अपवाद एकच. दुरुस्तीच्या नोंदीत, या भोकाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे असं लिहिलेलं असेल, तर शनिवारची वाट बघायची नाही, तारीख कोणतीही असो. मागे एकदा ते वाचलं तेव्हा नेमकी १९ तारीख होती. आधी एका मशीनवर घेतलं, टोकन लावलं, पिनची खिडकी आली. मग काकांनी स्वतः उठून उरलेल्या दहा जणांना सांगितलं, आणि जेवणाचे डबे उघडायच्या आत अकराही मशीन झाली.