कोण पाहिजे?

पुण्यातल्या जुन्या वाड्यासमोर कॅमेरा घेऊन दोन मिनिटं उभं राहिलं की वरची एखादी खिडकी उघडते आणि प्रश्न येतो, "कोण पाहिजे?" कोणी नको, फोटो काढतेय, असं सांगितलं की दुसरा प्रश्न, "बिल्डरकडून आलात का?" आणि मे महिना, म्हणजे पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागण्याचा काळ, असेल तर तिसराही, "नोटीस लावायला आलात का?" पेठा पायी फिरायचं ठरवलं तेव्हा उन्हाची, कुत्र्यांची आणि अंगावर येणाऱ्या दुचाक्यांची तयारी मी केली होती. या तीन प्रश्नांची नव्हती.

माझा जन्म नारायण पेठेतला. शाळेत असतानाच आम्ही कोथरूडला गेलो आणि पुढे पेठा कामापुरत्या उरल्या. लग्नाच्या खरेदीला लक्ष्मी रोड, चाळण्या आणि डब्यांना तुळशीबाग, गणपतीत पाचही मानाचे. गाडी लावायला जागा मिळेल तेवढंच शहर. मग नोकरीतून निवृत्त झाले, मुलीने नवा कॅमेरा घेतला आणि तिचा जुना माझ्याकडे आला. त्याला ३५ मिमीची एकच लेन्स आहे, झूम नाही. एखादी गोष्ट फोटोत मोठी दिसायला हवी असेल तर चालत तिच्याजवळ जावं लागतं. आणि पेठेत कशाच्याही जवळ गेलं की कोणीतरी विचारतंच.

वेळ रविवारी सकाळी साडेसहा ते नऊची. त्यानंतर टेम्पो आणि दुचाक्या इतक्या लागतात की भिंतीचा खालचा अर्धा भाग दिसेनासा होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं सुरू झाली. आता मी वनाजहून बसते, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलते आणि गाडी कुठे लावायची याचा विचार न करता थेट पेठेच्या पोटातून वर येते. लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे सकाळी अलका टॉकीजच्या चौकातून निघालं की ऊन थेट डोळ्यांत. मी क्वार्टर गेटकडून उलटी चालत येते. बोळांत मात्र अकराशिवाय ऊन उतरत नाही. तोवर तिथे सगळीकडे सारखा, मऊ उजेड असतो, आणि चेहऱ्यांसाठी त्याहून चांगला उजेड मला अजून सापडलेला नाही.

शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, लाल महाल यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. देवांच्या नावांवरही इतकं लिहून झालंय की पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर मी आदराने बाजूला ठेवते. मला ओढ लागली ती पाटी नसलेल्या वाड्यांची. वाडा बांधतात कसा, हे मला पडलेल्या वाड्यांनी शिकवलं. खाली दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. भार सगळा या लाकडी सांगाड्यावर, विटामातीच्या भिंती मधे भरलेल्या. म्हणून भिंत ढासळते आणि सांगाडा उभा राहतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची रस्त्याकडची भिंत पूर्ण गेली आहे. आतला माजघराचा कोनाडा, दिव्याच्या काजळीसकट, थेट रस्त्यावरून दिसतो. शेजारी बखळ, म्हणजे वाडा गेल्यावर उरलेली मोकळी जागा, तिथे तासावर गाड्या लावतात. पार्किंगवाल्याने मला तिसऱ्या दिशेने जाऊन फोटो काढायला सांगितलं, "तिकडून तुळईवरचं कोरीवकाम दिसतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं.

नारायण पेठेत "कोण पाहिजे?"ला मी एकदा सहज उत्तर दिलं, "आम्ही इथेच राहायचो." लगेच दार उघडलं. यजमान ऐंशीच्या पुढचे. "कुठल्या वाड्यात? पुरात होतात का?" मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आई होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासला धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. काकांनी मला जिन्याजवळ नेलं, हात उंच केला आणि म्हणाले, "इथपर्यंत." खूण अशी काही नाही, रंग अनेकदा दिलाय. मी त्या हाताचाच फोटो काढला. पुढे त्या गल्लीत कोणीही भेटलं की मी पुराचं विचारायला लागले. माणसं आपण होऊन हात उंच करतात आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीवर थांबतो.

कसब्यातल्या तांबट आळीत उलटा अनुभव. तिथे कॅमेऱ्याची इतकी सवय आहे की कोणी मान वर करत नाही. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेले हे कारागीर. बंब, घंगाळं, हंडे, कळशा ही त्यांची कामं, आता त्यात शोभेच्या वस्तूंची भर पडली आहे. हातोडीने एकसारखे ठोके मारून भांड्याला जी नक्षी येते, ते माठारकाम. ते नुसतं दिसण्यासाठी नसतं, ठोक्यांनी तांबं कठीण होतं आणि पातळ पत्र्याच्या भांड्यालाही पोचे पडत नाहीत. आळीत शिरण्याआधीच ठकठक ऐकू येते. मी कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागावर लावून फोटो काढले, तेव्हा कारागीर हातोडी हवेत धरून बसल्यासारखे दिसले, अगदी वेशभूषा स्पर्धेतले. तिसाव्या भागावर आणल्यावर हातोडी पुसट होऊन जवळजवळ नाहीशी झाली आणि भांडं धरलेला डावा हात तेवढा स्थिर उरला. सगळं कसब त्या डाव्या हातात आहे, कारण ठोका जागेवरच पडतो, सरकवायचं असतं ते भांडं. हे मला डोळ्यांनी कळलं नव्हतं.

तिथून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती पायी फार लांब नाही, तरी कोथरूडच्या माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नाही. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं, १७७० मध्ये पुरं झालेलं, काळ्या दगडाचं हे देऊळ. आत तीन सोंडांची, मोरावर बसलेली मूर्ती, दोन संस्कृत शिलालेख आणि एक फारसी, आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा, भोवती शिपाई. पुण्याच्या देवळावर गेंडा! काळा दगड कॅमेऱ्याला चकवतो. तो समजतो की अंधार आहे आणि दगड राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, मुद्दाम एक पायरी खाली आणलं तेव्हा कुठे दगड काळा झाला आणि गेंड्याची साखळी सुटी दिसली.

मंडईत मला फोटो जमत नाहीत. १८८६ मध्ये उघडलेली ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत या लेन्समध्ये मावत नाही आणि आत काळोख, वर झगझगीत दिवे. पण एका गाळेवाल्याने भाजी लावता लावता सांगितलेलं घरी येऊन पडताळलं तर खरं निघालं: जोतीराव फुले नगरपालिकेत असताना त्यांनी मंडईच्या या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज तीच महात्मा फुले मंडई. तिथून बुधवार पेठेत आलं की भिडेवाड्याची जागा. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. माझ्या फोटोत नुसते पत्रे आहेत आणि पत्र्यांसमोर फुलांच्या पाट्या.

बिल्डरच्या प्रश्नावर मला उपाय सापडला तो समजावण्याचा नव्हता. तोंडी कितीही सांगा, "छंद आहे" या उत्तरावर पेठेत कोणी विश्वास ठेवत नाही. साठीची बाई सकाळी सातला दुसऱ्याच्या जिन्याचे फोटो छंद म्हणून काढते, हे खरंच कोणाला पटावं? मग मी पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून आणायला लागले. ज्याचा फोटो त्याला पुढच्या खेपेला एक प्रत. मोबाइलवर पाठवलेला फोटो कोणी उघडून बघत नाही, हातात दिलेला कागद घरातले सगळे बघतात. मग चहा येतो, मग "मागच्या चौकात विहीर आहे, बघायची का?" दिंडी दरवाजातून आत जाण्याचा याहून स्वस्त परवाना नाही. आणि हो, माणसाचा फोटो विचारूनच. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत, वाद नाही.

या प्रतींनीच मला शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या भांडणात ओढलं. मालकाचं म्हणणं, वाडा धोकादायक आहे, रिकामा करा. भाडेकरूंचं म्हणणं, डागडुजी केली तर अजून तीस वर्षं टिकेल, रिकामा केला की आम्हाला परत कोण घेतं? दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं कागद जमतायत. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाक मारली, "अगं, जिन्याचा एक काढ. त्यावर तारीख येते का?" मी काढला. पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या, कठडा एका बाजूला कललेला, पण खालचे खांब ताठ. आजींना तो पसंत पडला, "बघ, खांबाला काही झालंय का?" पुढच्या रविवारी खालीच मालकांचा मुलगा भेटला. फोटोची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "काकू, आम्हालाही एक द्याल का?" मला वाटलं, आता आपण साक्षीदार होणार. पण फोटो लपवायचा तरी कशाला? पिशवीतली दुसरी प्रत त्याला दिली. त्याने कलत्या कठड्यावर बोट ठेवलं आणि समाधानाने मान हलवली. वकिलासाठी आणखी दोन मागितल्या. आजींनी त्यांची मोठी करून मागितली आहे.